एक पडदा, चाळीस वह्या: जिओजेब्रा वापरून भूमितीची तासिका कशी घ्यावी

वर्गात प्रोजेक्टर सुरू होतो, पडद्यावर आकृत्या हलतात, मुले एरवीपेक्षा शांत बसतात आणि तासिका संपल्यावर वह्या उघडून पाहाव्यात तर त्यांत शीर्षकापलीकडे काहीच नसते. असे घडण्यामागे बहुतेक वेळा साधनाचा दोष नसतो, तर कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी साधन ठरते, मग त्यात बसणारा घटक शोधला जातो आणि मुलांनी काय करायचे हा विचार शेवटी उरतो. हा क्रम सुलट कसा करावा हे दाखवण्यासाठी या लेखात एकच घटक घेतला आहे, तो म्हणजे इयत्ता दहावीच्या गणित भाग 2 मधील ‘वर्तुळ’ या प्रकरणातील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय. शिरोबिंदू वर्तुळावर आणि भुजा वर्तुळाला छेदणाऱ्या अशा अंतर्लिखित कोनाचे माप, त्याने अंतर्खंडित केलेल्या, म्हणजे कोनाच्या आत सापडलेल्या, कंसाच्या मापाच्या निम्मे असते, असे हे प्रमेय सांगते; कंसाचे माप म्हणजे त्याच्यासमोरचा वर्तुळकेंद्राजवळचा कोन, म्हणजेच केंद्रीय कोन. साधन म्हणून जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढून त्या हलवता येणारे मोफत सॉफ्टवेअर घेतले आहे. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आणि मुलांच्या हाती फक्त वही व कंपासपेटी, एवढीच सोय येथे गृहीत धरली आहे.

टप्पा 1: साधनाला हात लावण्याआधी एक वाक्य लिहावे

तासिकेच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे टाचण वहीत एका वाक्यात लिहावे. ‘प्रमेय समजेल’ हे वाक्य चालणार नाही, कारण समजले की नाही हे तपासायचे कसे ते त्यात सांगितलेले नाही. ‘दिलेल्या आकृतीत अंतर्लिखित कोन कोणता कंस अंतर्खंडित करतो हे विद्यार्थी ओळखेल आणि त्या कंसाच्या मापावरून कोनाचे माप काढेल’ हे वाक्य चालेल. या वाक्यात दोन कृती आहेत आणि मुले अडखळतात ती पहिल्या कृतीपाशी. निम्मे करणे सर्वांना येते. कोणत्या कंसाचे निम्मे करायचे हे मात्र अनेकांना ठरवता येत नाही. पुढची सगळी तयारी या अडखळण्याच्या जागेभोवती करायची आहे.

तपासणी: लिहिलेल्या वाक्यात साधनाचे नाव आले असेल, तर ते खोडून वाक्य पुन्हा लिहावे.

टप्पा 2: येथे पडदा खरोखर लागतो का, हे ठरवावे

फळ्यावर किंवा हातात जे करता येते, ते पडद्यावर नेऊ नये. सेल, तारा आणि विजेरीचा बल्ब शाळेत असताना विद्युत परिपथाचे चलचित्र दाखवण्यात काही अर्थ नाही. तारेतून वाहणारे अदृश्य इलेक्ट्रॉन दाखवायचे असतील तेव्हा मात्र सादृश्यचित्र उपयोगी पडते. डोळ्यांना न दिसणारे, फार सावकाश किंवा फार वेगाने घडणारे आणि हाताने एक-दोनदाच करता येणारे पण शेकडो वेळा करून पाहायला हवे असे, या तीन कारणांसाठी पडदा वापरावा.

आपला घटक तिसऱ्या कारणात बसतो. फळ्यावर शिक्षक एका तासिकेत फार तर तीन-चार आकृत्या काढू शकतात. पडद्यावर मात्र वर्तुळावरील एक बिंदू सरकवत नेला की त्या कंसावरचे असंख्य कोन एकामागून एक डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांचे माप जागचे हलत नाही. हा अनुभव खडूने देता येत नाही.

तयार चलचित्र हवे असेल, तर पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडणारे साहित्य आधी पूर्ण पाहावे आणि ॲपमध्येच उतरवून ठेवावे. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत असे, की या घटकासाठी चलचित्रापेक्षा स्वतः हलवता येणारी आकृती अधिक उपयोगी ठरते. ‘आता इथे थांबवा आणि बिंदू पलीकडे न्या’ असे मूल चलचित्राला सांगू शकत नाही.

टप्पा 3: आकृती बांधावी आणि तिची कसोटी घ्यावी

हा सर्वांत जास्त वेळ घेणारा टप्पा आहे आणि बहुतेक चुका येथेच होतात. सॉफ्टवेअर लॅपटॉपवर स्थापित करून घ्यावे, म्हणजे वर्गात इंटरनेट लागणार नाही. बिंदूंना पाठ्यपुस्तकातील आकृतीत जी नावे असतील तीच द्यावीत. येथे सोयीसाठी केंद्राला म, कंसाच्या टोकांना अ व ब आणि सरकत्या बिंदूला क म्हटले आहे.

1. केंद्र म घेऊन त्यातून वर्तुळ काढावे. वर्तुळ ज्या बिंदूतून जाते तो अ.

2. एक स्लायडर, म्हणजे सरकवून मूल्य बदलता येणारी पट्टी, तयार करावा. त्याचा प्रकार कोन, किमान मूल्य 20°, कमाल मूल्य 180° आणि वाढीची पायरी 2° ठेवावी. पायरी 2° ठेवण्याचे कारण पुढे येईल.

3. दिलेल्या मापाचा कोन काढण्याचे साधन निवडून आधी अ वर आणि मग म वर क्लिक करावे, मापाच्या जागी स्लायडरचे नाव द्यावे. जो नवा बिंदू मिळतो तो वर्तुळावरच असतो. त्याला ब हे नाव द्यावे.

4. बिंदूचे साधन घेऊन, वर्तुळाची रेषा ठळक झाल्यावरच तिच्यावर क्लिक करून क घ्यावा आणि रेख कअ व रेख कब काढावेत.

5. कोन अकब मोजावा. त्यासाठी तीन बिंदूंवर क्रमाने क्लिक करायचे असते आणि शिरोबिंदू मध्ये यावा लागतो.

6. केंद्र म धरून अ पासून ब पर्यंतचा लघुकंस एका रंगात आणि ब पासून अ पर्यंतचा विशालकंस दुसऱ्या रंगात काढावा. विशालकंसाचे माप दाखवणारा केंद्राजवळचा कोनही तयार करून तो लपवून ठेवावा. तो तासिकेच्या मध्यावर लागणार आहे.

यात तीन सापळे आहेत.

पहिला सापळा क्लिकच्या क्रमाचा. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते, त्यामुळे बिंदू उलट क्रमाने निवडले तर 40° ऐवजी 320° असे माप दिसते. क्रम बरोबर असला, तरी क बिंदू लघुकंसावर नेताच 140° च्या जागी 220° दिसू लागतात आणि वर्गापुढे शिक्षकांची गाडी अडते. यावर उपाय सोपा आहे: कोन अकब च्या गुणधर्मांत जाऊन कोनाची मर्यादा 0° ते 180° अशी करावी. विशालकंस दाखवणाऱ्या केंद्रीय कोनाची मर्यादा मात्र 0° ते 360° अशीच ठेवावी, नाहीतर तो 280° ऐवजी 80° दाखवील.

दुसरा सापळा पूर्णांकांचा. ब बिंदू हाताने कुठेही ठेवला आणि मापे पूर्ण अंशांत दाखवली, तर केंद्रीय कोन 75° आणि अंतर्लिखित कोन 38° असे दिसू शकते. खरे माप 37.5° असते, पण ते पडद्यावर उमटत नाही. चाणाक्ष मूल लगेच विचारते की 75 चे निम्मे 38 कसे, आणि पुढची काही मिनिटे त्यातच जातात. स्लायडरची पायरी 2° ठेवली की केंद्रीय कोन नेहमी सम संख्येचा राहतो आणि त्याचे निम्मे पूर्ण अंशांतच येते. दशांश स्थळे मग शून्य ठेवली तरी चालते.

तिसरा सापळा फसव्या बिंदूचा. क वर्तुळावर आहे असे नुसते दिसते, पण प्रत्यक्षात तो रेषेच्या शेजारी पडलेला असतो. ओढल्यावर तो वर्तुळ सोडून पळतो आणि कोन वाटेल तसा बदलतो.

तपासणी: आकृती पूर्ण झाल्यावर प्रत्येक बिंदू माऊसने ओढून पाहावा. क ओढला तर तो वर्तुळावरच फिरला पाहिजे. अ ओढला तर वर्तुळ लहान-मोठे झाले पाहिजे, पण कोनांची मापे तीच राहिली पाहिजेत; त्रिज्येचा या प्रमेयाशी संबंध नाही हे दाखवण्याची सोय त्यातून आयतीच मिळते. स्लायडर 180° वर नेल्यावर कोन अकब 90° झाला पाहिजे. या तिन्ही कसोट्या उतरल्या की फाइल जतन करावी आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.

टप्पा 4: खोली आणि उपकरणे यांची तयारी

ही तयारी आदल्या दिवशी, ज्या खोलीत तासिका होणार आहे त्याच खोलीत आणि शक्यतो त्याच वेळी करावी. सकाळी उत्तम दिसणारे चित्र दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आल्यावर पुसट होते. शेवटच्या बाकावर बसून कोनाचे माप वाचता येते का ते पाहावे. येत नसेल तर सेटिंगमधून अक्षरांचा आकार आणि रेषांची जाडी वाढवावी. फिकट पिवळा व फिकट हिरवा हे रंग भिंतीवर दिसत नाहीत, म्हणून कंसांसाठी गडद निळा आणि गडद लाल घ्यावा.

लॅपटॉप नसेल आणि मोबाइलवरून टीव्हीवर चित्र न्यायचे असेल, तर दोन गोष्टी आधी पडताळाव्यात. केबलने जोडण्यासाठी मोबाइलच्या टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर पाठवण्याची सोय असावी लागते आणि कमी किमतीच्या अनेक मोबाइलांत ती नसते, त्यामुळे ॲडॉप्टर विकत घेण्यापूर्वी दुकानातच जोडून पाहावे. बिनतारी पद्धतीने पाठवायचे असेल, तर बहुधा टीव्ही आणि मोबाइल एकाच वाय-फायवर असावे लागतात. शाळेत वाय-फाय नसेल तर दुसऱ्या मोबाइलचे हॉटस्पॉट वापरता येते. मोबाइल वापरताना सूचना बंद करून ठेवाव्यात. भूमितीच्या आकृतीवर घरगुती निरोप झळकला, की वर्गाचे लक्ष पुन्हा वर्तुळाकडे वळवणे अवघड होते.

इशारा: वीज गेली तर काय करायचे हे टाचणात लिहिलेले असावे. क च्या चार वेगवेगळ्या जागा दाखवणारी आकृती फळ्याच्या एका कोपऱ्यात आधीच काढून ठेवली, तर तासिका अडत नाही.

टप्पा 5: चाळीस मिनिटांचा क्रम

*पहिली दहा मिनिटे: पडदा बंद, वह्या उघड्या.* प्रत्येक विद्यार्थ्याने कंपासने स्वतःचे वर्तुळ काढावे, केंद्रीय कोन 80° होईल असे अ आणि ब घ्यावेत, विशालकंसावर आपल्या मनाने एक बिंदू क घ्यावा आणि कोन अकब कोनमापकाने मोजून वहीत लिहावा. त्रिज्या मुद्दाम सांगू नये. मग मापे विचारून फळ्यावर लिहीत जावीत. कोणाचे 39°, कोणाचे 40°, कोणाचे 42° येते. वर्तुळे वेगळी, क च्या जागा वेगळ्या, तरी मापे एकमेकांजवळ कशी आली, हा प्रश्न आता मुलांचा स्वतःचा झालेला असतो. ही दहा मिनिटे वाचवण्याचा मोह होतो आणि पुष्कळदा वाचवलीही जातात. पण स्वतः मोजल्याशिवाय पडद्यावरचे 40° पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती यंत्राने सांगितलेली एक संख्या असते, याहून जास्त काही नाही.

*नंतरची तीन मिनिटे: भाकीत.* पडदा सुरू करावा, आकृती दाखवावी, पण काहीही हलवू नये. क बिंदू विशालकंसावरून ब कडे सरकवत नेला तर कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील, हे प्रत्येकाने वहीत एका शब्दात लिहावे. हात वर करायला सांगण्याआधी लिहून घ्यावे. नाहीतर हुशार मानल्या गेलेल्या दोन मुलांचे हात पाहून बाकीचे हात वर होतात. प्रत्येक पर्यायाची संख्या फळ्यावर मांडावी.

*पुढची बारा मिनिटे: हलवणे आणि नोंदणे.* माऊस विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि शिक्षकांनी पडद्याच्या बाजूला उभे राहावे. क सावकाश सरकवावा. भराभर फिरवला तर मुलांना गंमत दिसते, माप दिसत नाही. स्लायडर 60°, 80°, 100° आणि 120° वर नेऊन प्रत्येक वेळी केंद्रीय कोन व अंतर्लिखित कोन वहीतल्या तक्त्यात लिहायला सांगावे आणि दोन्हींतला संबंध मुलांकडूनच काढून घ्यावा.

त्यानंतर या तासिकेचा गाभा येतो. स्लायडर 80° वर ठेवून क बिंदू ब ओलांडून लघुकंसावर न्यावा. 40° दाखवणारा कोन एकदम 140° दाखवू लागतो. येथे शिक्षकांनी लगेच स्पष्टीकरण देऊ नये. ‘नियम मोडला का?’ एवढेच विचारून मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू द्यावे. कोणी 40 आणि 140 यांची बेरीज 180 होते हे पाहील, कोणी 140 ची दुप्पट करून पाहील. 280 ही संख्या वर्गातून आली, की लपवून ठेवलेला विशालकंसाचा कोन दाखवावा. क कोणत्या बाजूला आहे त्यावर अंतर्खंडित कंस ठरतो आणि क नेहमी त्या कंसाच्या बाहेर असतो, हे वाक्य मुलांनी स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावे. चक्रीय चौकोनाच्या (ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात अशा चौकोनाच्या) संमुख कोनांचे प्रमेय पुढे शिकवताना हीच आकृती पुन्हा उपयोगी पडते.

*उरलेली पंधरा मिनिटे: सिद्धता आणि तपासणी.* पडद्यावर दिसले म्हणजे सिद्ध झाले, असा समज मुलांचा होतो आणि कधी कधी घाईत असलेल्या शिक्षकांचाही. तो येथेच दूर करावा. क हळूहळू सरकवत केंद्र कोनाच्या एका भुजेवर, मग कोनाच्या आत आणि मग कोनाच्या बाहेर येते हे दाखवले, म्हणजे सिद्धतेत तीन प्रकार का घ्यावे लागतात ते आपोआप कळते. यानंतर पडदा बंद करावा. केंद्र भुजेवर असतानाच्या प्रकाराची सिद्धता, समान त्रिज्यांमुळे होणारा समद्विभुज त्रिकोण आणि बाह्यकोन यांच्या आधारे, फळ्यावर खडूने पूर्ण करावी. बाकीचे दोन प्रकार याच पहिल्या प्रकारावर उभे असल्याने पुढच्या तासिकेत घेता येतात. सिद्धता पडद्यावर तयार ओळींमध्ये दाखवू नये, कारण ती लिहिण्याच्या गतीनेच समजते.

टप्पा 6: शेवटचा प्रश्न असा असावा की चूक कोणती हे कळेल

शेवटच्या चार मिनिटांसाठी एक प्रश्न पुरतो, मात्र त्याचे पर्याय विचारपूर्वक निवडलेले हवेत. उदाहरणार्थ: केंद्रीय कोन अमब 110° असून क विशालकंसावर आहे, तर कोन अकब किती? पर्याय 55°, 110°, 125° आणि 220°. बरोबर उत्तर 55°. ज्याने 110° निवडले त्याने दोन्ही कोन समान मानले, ज्याने 220° निवडले त्याने निम्मे करण्याऐवजी दुप्पट केली आणि ज्याने 125° निवडले त्याने उरलेल्या 250° च्या कंसाचे निम्मे केले, म्हणजे कंस ओळखण्यात चूक केली. 125° निवडणारा गट मोठा निघाला तर दुसऱ्या दिवशीची पहिली पाच मिनिटे क पुन्हा ब च्या पलीकडे नेण्यात घालवावीत.

उत्तरे गोळा करण्यासाठी प्लिकर्स हे ॲप सोयीचे आहे. त्यात प्रत्येक मुलाच्या हाती एक छापील कार्ड असते, ते कोणत्या बाजूने धरले त्यावरून उत्तर ठरते आणि शिक्षकांच्या मोबाइलचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरे टिपतो; मुलांकडे उपकरण लागत नाही. मोबाइलला रेंज मिळत नसेल, तर चार रंगांचे कागदाचे तुकडे आणि ‘एकदम वर करा’ ही सूचना जवळजवळ तेवढेच काम करते, फक्त नोंद हाताने ठेवावी लागते.

इशारा: कार्डाला विद्यार्थ्याचे पूर्ण नाव न जोडता हजेरी क्रमांक जोडावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. मुलांचे मोबाइल क्रमांक, ईमेल किंवा छायाचित्रे मागणारे कोणतेही ॲप या तासिकेसाठी लागत नाही. निकालाचे नावांसह छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे तर पूर्णपणे टाळावे.

टप्पा 7: तासिकेनंतरचे काम

गृहपाठ वहीतच द्यावा: तीन वर्तुळे, तिन्हींत क च्या जागा वेगळ्या, अंतर्खंडित कंस रंगवायचा आणि मापाचा अंदाज लिहून मग कोनमापकाने पडताळायचा. चलचित्राची लिंक पाठवून गृहपाठ झाला असे मानू नये. अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो कामावर गेलेल्या पालकांसोबत संध्याकाळीच घरी येतो. लिंक पाठवायचीच असेल तर ती अधिकची म्हणून पाठवावी आणि तिच्यावर दुसऱ्या दिवशीचे काही अवलंबून ठेवू नये.

त्याच दिवशी टाचणाच्या शेजारी तीन नोंदी कराव्यात: भाकितात कोणता पर्याय जास्त आला, शेवटच्या प्रश्नात प्रत्येक चुकीच्या पर्यायाला किती मते पडली आणि कोणत्या टप्प्याला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला. फाइलच्या नावात इयत्ता, प्रकरण आणि घटक लिहून ती शाळेच्या संगणकावरही ठेवावी, म्हणजे दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांना आकृती नव्याने बांधावी लागणार नाही. फाइल देताना कोनाच्या मर्यादेची आणि स्लायडरच्या 2° पायरीची माहिती दोन ओळींत सोबत द्यावी.